खापराची पोळी आणि ती करणारे हात

देवळा, कळवण, सटाणा, मालेगाव या आपल्या कसमादे भागात वैशाख लागला की घराघरांतून पुरणाचा वास येतो. आखाजीला लेकी माहेरी येतात आणि चुलीवर उपडे खापर चढते.

पुरणपोळी साऱ्या महाराष्ट्रात होते, पण आपल्या खापराच्या पोळीला पोळपाट-लाटणे लागत नाही. वस्त्रगाळ पिठाची कणीक पाणी लावून लावून इतकी तिंबायची की ती हातावरून ओघळली पाहिजे. पुरणात उलथणे उभे राहिले म्हणजे पुरण झाले. मग गोळा भरून दोन्ही हातांवर फिरवत फिरवत पोळी वाढवायची आणि तापल्या खापरावर पसरायची. डाळीचे पाणीही वाया जात नाही, त्याची झणझणीत रशी होते. गरिबाच्या घरातला हा शहाणपणा आहे.

कडधान्य शिजवून गोड पुरण करण्याची युक्ती दूर जपानमध्येही आहे. तिकडे आझुकी नावाचे लाल, बारीक कडधान्य पिकते. ते आपल्या मुगा-चवळीच्याच गोतातले. ते शिजवून, साखर घालून केलेल्या पुरणाला आंको म्हणतात आणि ते गव्हाच्या पारीत भरले की मांजू होतो. प्रांताप्रांतात त्याचे रूप वेगळे. हिरोशिमाकडे तो मेपलच्या पानाच्या आकाराचा असतो. चीनमध्ये अशा पदार्थात मांस भरीत. भिक्खूंना ते चालत नसे, म्हणून १३४९ साली चीनहून आलेल्या लिन जिंगयीन यांनी त्यात आझुकीचे पुरण भरले, अशी तिकडची परंपरा सांगते. भिक्खूंसाठी केलेला हा बदल पुढे साऱ्या देशाचा खाऊ झाला.

मांजू आता यंत्रावरही होतो. आपली खापराची पोळी मात्र अजून बाईच्या हातांवरच आहे. ते हात कोणते, हे आपण कधी पाहतो का? चैत्रात दिवसभर कांदा काढून भेगाळलेले, आणि वैशाखात धुरात बसून कोपरापर्यंत भाजलेले. पंगतीत सारे जेवतात, वाखाणतात. करणारी शेवटी बसते. तेव्हा पोळी गार झालेली असते, कधी संपलेलीही असते.

आम्हाला वाटते, ही कला मागे पडत असेल तर दोष मुलींचा नाही. कष्ट एकटीच्या वाट्याला आणि कौतुक मात्र पोळीचे, हे पाहून कोणती मुलगी खापरापाशी बसेल?

आखाजीनंतर बारा-तेरा दिवसांनी बुद्धपौर्णिमा येते. त्या दिवशी पोळीचा बेत असेल तर पुरण वाटायला मुलाला बसवा, जाळ घालायला घरधन्याला सांगा. आजी असेल तर कणीक किती सैल हवी, ते नातीबरोबर नातवालाही हात लावून पाहू द्या. आणि पहिली गरम पोळी, तूप घालून, जिने ती केली तिच्या ताटात वाढा.