सांभाळणाऱ्या हातांचे मोल

बारवी धरणाचे पाणी उल्हासनगरच्या नळांना आणि अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांना जाते. औद्योगिक विकास महामंडळ ते मोजते व त्याचे दर आकारते. याच वस्त्यांत स्वमग्न, सेरेब्रल पाल्सीने ग्रस्त वा बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांना न्हाऊ घालणे, भरवणे, फेफऱ्याच्या झटक्यात जपणे हे काम अहोरात्र चालते. त्याची नोंद मात्र कोणत्याच वहीत नाही. घरी ते आई करते, म्हणून ते कर्तव्य. संस्थेत पगारी बाई करते, म्हणून ती 'सेवा'. एकदा सेवा म्हटले की वेतनाचा प्रश्न अशिष्ट ठरतो. वस्तुतः या श्रमाच्या बळावरच घरातील दुसरे माणूस सकाळच्या पाळीला हजर राहू शकते.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 24 मध्ये अधिक आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्ता नमूद आहे. त्याच कलमात 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' ही पळवाटही आहे. बारवीची उंची वाढवून मुरबाड तालुक्यातील गावे बुडवताना अशी मर्यादा आडवी आली नव्हती! तेथील विस्थापितांनाही घरटी एक नोकरी दीर्घ लढ्यानंतरच मिळू लागली.

काळजीवाहक बाया घरोघरी विखुरलेल्या आहेत, म्हणून त्यांचा आवाज उठत नाही. विखुरलेल्या अंगणवाडी सेविकांनी संघटना बांधली, तेव्हाच त्यांच्या मानधनाची दखल घेतली गेली. घरच्या सांभाळाला भत्ता आणि संस्थेतील कामाला किमान वेतन, साप्ताहिक सुट्टी व भविष्यनिर्वाह निधी, ही मागणी कामगार चळवळीने आपली मानली पाहिजे. दयेवर चालणारी व्यवस्था दिव्यांगांनाही सुरक्षितता देऊ शकत नाही.