अहवाल वाचला असे समजण्यात यावे!



सप्टेंबर महिना आला की आमच्याकडे वार्षिक सर्वसाधारण सभांचा हंगाम सुरू होतो. सहकार कायद्याप्रमाणे ३० सप्टेंबरपर्यंत सभा घ्यावीच लागते. मी दोन-तीन संस्थांची सभासद आहे, त्यामुळे घरी अहवालांची पुस्तकेही येतात. गुळगुळीत कागद, पहिल्या पानांवर संचालकांचे फोटो. लेखापरीक्षकांचा शेरा अगदी शेवटी, बारीक अक्षरात. सभेत सचिव म्हणतात, "अहवाल वाचला असे समजण्यात यावे." मागून आवाज येतो, "मंजूर, मंजूर!" मग आलुबोंडा आणि चहा.

हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही, असे माझे मत आहे.

आपल्या यवतमाळचेच उदाहरण घ्या. बाबाजी दाते महिला सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये निर्बंध आणले. खात्यात कितीही पैसे असोत, काढता येणार फक्त ५,००० रुपये. वर्षभराने, नोव्हेंबर २०२२ मध्ये, परवानाच रद्द झाला. पुरेसे भांडवल नाही आणि पुढे कमाईची शक्यता नाही, असे कारण रिझर्व्ह बँकेने दिले. सुमारे ७९ टक्के ठेवीदारांना ठेव विम्यातून पूर्ण रक्कम मिळेल, असेही तेव्हा जाहीर झाले. परीक्षेत ७९ टक्के म्हणजे विशेष प्रावीण्य! पण उरलेल्या २१ टक्क्यांत कोण असतात? ठेव विम्याची मर्यादा ५ लाख रुपये. जन्मभराची ग्रॅच्युइटी आणि फंड एकाच ठिकाणी ठेवणारे निवृत्त लोक या मर्यादेच्या सहज वर जातात. पतसंस्थांना तर हा विमाही लागू नाही.

अशा वेळी लोक विचारतात, "ऑडिट होत नव्हते का?" ऑडिट तर दरवर्षी सगळीकडे होते. प्रश्न आहे तो ऑडिट म्हणजे काय समजायचे याचा. आपण समजतो, बेरजा जुळल्या की झाले. बेरजा जुळूनही घर बुडू शकते. मुंबईच्या पीएमसी बँकेत २०१९ साली काय निघाले, आठवते ना? सत्तर टक्क्यांच्या आसपास कर्ज एकाच बांधकाम समूहाकडे, आणि ते झाकायला हजारो बनावट खाती. कागदावर सगळे नीटनेटके होते.

म्हणून हिशेबाइतकीच कारभाराची पद्धतही तपासायला हवी. कर्ज मंजूर करणारा आणि तारण तपासणारा एकच माणूस आहे का? एकच कर्मचारी वर्षानुवर्षे एकाच टेबलावर आहे का? थोड्याच कर्जदारांकडे बरीचशी रक्कम अडकली आहे का? मागच्या वर्षी दाखवलेला दोष यंदाच्या अहवालातही जसाच्या तसा आहे का? हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वहीत एकच चूक तीनदा लाल शाईने दाखवूनही मुलाने सुधारली नाही, तर शिक्षक काय समजतात? मुलगा वही उघडतच नाही.

गंमत म्हणजे कायद्यात हे सगळे आहे. लेखापरीक्षणातले दोष दूर करून दोषदुरुस्ती अहवाल द्यावा लागतो. संचालकांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना दिलेल्या कर्जाचा तपशील सभेपुढे ठेवावा लागतो. आपण मागतच नाही. कारण अध्यक्ष कुणाचे तरी व्याही असतात, व्यवस्थापक आपला विद्यार्थी असतो. विचारले तर अविश्वास दाखवल्यासारखे होते.

मला हे पटत नाही. विहिणीने दिलेले पैसेही आपण मोजून घेतो, त्यात तिचा अपमान नसतो. उलट, चांगल्या संचालकालाच प्रश्नांचा फायदा होतो. लहान दोष लवकर सापडला तर त्याची संस्था वाचते.

दुसरे म्हणजे, 'अ' वर्ग मिळाला की सगळे निर्धास्त होतात. पण तो वर्ग झालेल्या वर्षाचा असतो, येणाऱ्या वर्षाची हमी नसते. शिवाय लेखापरीक्षक सरकारी यादीतला असला तरी त्याला नेमते सर्वसाधारण सभाच. म्हणजे तुम्ही-आम्ही. तिथे 'मंजूर' म्हणताना निदान त्याचे नाव तरी नीट ऐकावे.

माझी सूचना साधी आहे. अहवाल मागून वाचा. शेरा आधी वाचा, फोटो नंतर बघा. मागच्या वर्षीचा अहवाल शेजारी ठेवा. थकबाकी वाढली का, तेच दोष परत आले का, एवढे जरी पाहिले तरी पुष्कळ. समजले नाही तर घरातल्या कॉमर्सच्या मुलाला विचारा. सभेत उभे राहून एक प्रश्न विचारा आणि तो इतिवृत्तात लिहायला लावा. आणि सगळी पुंजी एका जागी ठेवू नका.

पुण्या-मुंबईच्या आणि परदेशातल्या भाच्या-पुतण्यांनो, गावाकडे आईवडिलांच्या ठेवी कुठे आहेत, हे तुम्हीही या दिवाळीत विचारून घ्या. फराळाच्या ताटावर तो विषय काढायला संकोच नको.

असो. तुमच्याकडच्या सभा कशा होतात, जरूर कळवा.