दाखल्यावरचा धर्म आणि अंतःकरणातील श्रद्धा

पुदुच्चेरीतील एका तरुणीच्या अपिलावर सर्वोच्च न्यायालयाने २६ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल दिला. लिपिकपदाच्या नोकरीसाठी तिने अनुसूचित जातीचा दाखला मागितला होता. आपण हिंदू धर्म पाळतो, असे तिचे म्हणणे होते. तिचा बाप्तिस्मा झालेला असून ती नियमितपणे चर्चला जाते, असे चौकशीत आढळले होते. न्यायालयाने अपील फेटाळले. खरी श्रद्धा नसताना केवळ आरक्षणाच्या लाभासाठी धर्म सांगणे ही राज्यघटनेशी प्रतारणा होय, असा अभिप्राय न्यायालयाने नोंदवला.

या निकालावर कायद्याच्या अंगाने पुष्कळ चर्चा झाली. ख्रिस्ती वाचकांपुढे मात्र त्यातून दोन प्रश्न उभे राहतात. उपजीविकेसाठी आपली श्रद्धा कागदावर नाकारावी काय? आणि ती नाकारण्याचा मोह निर्माण करणाऱ्या कायद्याविषयी आपण काय म्हणावे? यांपैकी एकाच प्रश्नाचे उत्तर देऊन दुसरा टाळणे आम्हांस योग्य वाटत नाही.

प्रथम कायद्याचा विचार करू. १० ऑगस्ट १९५० रोजी निघालेल्या राष्ट्रपतींच्या आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित केला. १९५६ मध्ये त्यात शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला. म्हणजे नागपूरच्या दीक्षाभूमीवर १९५६ साली धम्म स्वीकारणाऱ्या आपल्या बांधवांनाही केंद्राच्या या दर्जासाठी चौतीस वर्षे वाट पाहावी लागली. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित बाहेरच राहिले. न्या. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये हा दर्जा धर्मापासून अलग करावा अशी शिफारस केली होती. तिची अंमलबजावणी झाली नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली याच विषयासाठी पुन्हा नवा आयोग नेमण्यात आला.

बाप्तिस्म्याचे पाणी मस्तकावर पडल्याने गावकुसाबाहेरचे घर गावात येत नाही. भूमिहीन मजूर दुसऱ्या दिवशी जमीनमालक होत नाही, आणि शेजारीही त्याची जात विसरत नाहीत. सामाजिक वास्तव तेच राहते. संरक्षण तेवढे जाते. म्हणून हा आदेश अन्यायकारक आहे, हे आम्ही नि:संकोचपणे म्हणतो.

परंतु कायदा अन्यायकारक आहे, एवढ्याने असत्य निर्दोष ठरते काय? ख्रिस्तसभेपुढे हा प्रश्न प्रथमच आलेला नाही. इ. स. २५० मध्ये रोमन सम्राट डेसियस याने देवतांना बलिदान करण्याची आणि तसे केल्याचा दाखला अधिकाऱ्यांकडून घेण्याची सक्ती केली. अनेकांनी हौतात्म्य पत्करले. काहींनी भीतीने बलिदान केले. तिसरा एक वर्ग होता : त्यांनी बलिदान केले नाही, पैसे देऊन नुसता दाखला मिळवला. ‘आमचे हात स्वच्छ आहेत, कागद तेवढा खोटा आहे,’ असा त्यांचा बचाव होता. कार्थेजचे बिशप संत सिप्रियन यांनी हा बचाव मान्य केला नाही. तथापि बलिदान करणारे आणि केवळ दाखला घेणारे यांना त्यांनी एकाच मापाने मोजलेही नाही. २५१ च्या कार्थेज येथील धर्मपरिषदेने प्रत्येकाची परिस्थिती तपासून अशा लोकांना प्रायश्चित्तानंतर पुन्हा सामावून घेण्याचा मार्ग मोकळा केला. सत्याविषयी आग्रह आणि दुर्बलांविषयी करुणा यांची ही सांगड आजही मार्गदर्शक आहे.

‘देव अंतःकरण पाहतो, कागद नव्हे,’ असे आपल्याकडेही म्हटले जाते. ते खरेच आहे. पण कागदावर सही करणारा हात त्याच अंतःकरणाच्या आज्ञेने चालतो. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथातील वृद्ध एलाजार आठवावा. निषिद्ध मांस खाल्ल्याचे नुसते सोंग कर, आम्ही तुला चालणारे मांस आणून देतो, असे त्याचे स्नेही सांगत होते. त्याने नकार दिला, कारण ते सोंग पाहून तरुण पिढी बहकली असती. आईवडील घरी रोझरी म्हणतात आणि शाळेच्या अर्जावर दुसरा धर्म लिहितात, तेव्हा मुले दोन्ही गोष्टी पाहत असतात. श्रद्धा ही घराच्या चार भिंतींआड ठेवण्याची वस्तू आहे, एवढेच त्यातून ती शिकतात.

तथापि, त्या तरुणीकडे बोट दाखवण्याचा अधिकार सुखवस्तू ख्रिस्ती माणसाला नाही. ज्याला श्रद्धेची किंमत नोकरीच्या रूपाने कधी मोजावीच लागली नाही, त्याने इतरांना प्रामाणिकपणाचा उपदेश करणे सोपे असते. शिवाय जातिभेद ख्रिस्तसभेतही शिरलेला आहे. तमिळनाडूत काही ठिकाणी दलित ख्रिस्ती बांधवांसाठी वेगळ्या दफनभूमी राहिल्या, हे जगजाहीर आहे. भारतातील कॅथोलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले आणि त्यात ही वस्तुस्थिती मान्य केली. श्रद्धा लपवू नका असे ज्यांना आपण सांगतो, त्यांना त्या श्रद्धेच्या घरात मानाचे आसन मिळायलाच हवे.

म्हणून आमचे म्हणणे तीन शब्दांत सामावते : सत्य, संघर्ष आणि साहाय्य. दाखल्यावर तेच लिहावे जे आपण आहोत. अन्यायकारक आदेशाविरुद्ध सनदशीर मार्गाने लढत राहावे. आणि सत्य सांगितल्यामुळे ज्याची संधी हुकते, त्याच्या पाठीशी धर्मग्रामाने उभे राहावे. शिष्यवृत्तीत, स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शनात, आपल्या संस्थांमधील प्रवेशात आणि नोकऱ्यांत त्याचा विचार आधी व्हावा. प्रामाणिकपणाची सारी किंमत गरिबानेच एकट्याने चुकवायची आणि बाकीच्यांनी त्याची प्रशंसा करायची, हे ख्रिस्ती बंधुत्व नव्हे. आपापल्या धर्मग्रामाच्या परिषदेत हा विषय यावा, अशी आमची वाचकांना विनंती आहे.