परवाना माणसाचा की मालकाचा?

परदेशी नोकरीच्या व्हिसाचा विषय निघाला की आपण संख्या मोजतो. मला त्याहून मोलाचा वाटणारा प्रश्न कोलकात्याने फार पूर्वी अनुभवला आहे. १८३४ मध्ये येथून ‘अ‍ॅटलस’ जहाज ३६ मजूर घेऊन मॉरिशसला गेले. पाच वर्षांच्या त्या ‘गिरमिटा’ने मजुराला मळ्याशी बांधून टाकले. पुढे २९ सप्टेंबर १९१४ रोजी कॅनडाने परत पाठवलेली ‘कोमागाता मारू’ हुगळीकाठी बजबजला लागली आणि तिच्या प्रवाशांवर गोळ्या झाडण्यात आल्या. ते कोणाच्या करारावर नव्हे, स्वतःच्या हिमतीवर निघाले होते. बांधलेल्याला वाट मोकळी, स्वतंत्र माणसाला दार बंद, असा हा साम्राज्याचा न्याय होता.

आजची स्थिती तितकी क्रूर नाही. पण गाठ पुरती सुटलेली नाही. अमेरिकेच्या एच-१बी व्हिसासाठी अर्ज करते ती कंपनी. नोकरी गेली की नवी शोधण्यास साधारणतः ६० दिवस मिळतात. किमान आठ लाख डॉलर गुंतवणाऱ्याला मात्र स्थायी वास्तव्याची वेगळी वाट आहे.

आपला १९८३ चा परदेशगमनविषयक कायदा भरती करणाऱ्या दलालांची नोंदणी आणि प्रस्थानाची परवानगी पाहतो. कामगाराची खरी परीक्षा तिकडे पोहोचल्यावर सुरू होते. म्हणून वाटाघाटींत भारताने व्हिसांच्या संख्येबरोबरच मालक बदलण्याचा निर्धोक हक्कही मागावा. नोकरी सोडण्याचे स्वातंत्र्य नसेल, तर नोकरी मिळाल्याचा आनंद अपुराच राहतो.