गळालेल्या नावांचा हिशेब

महाविद्यालयांचे प्रवेश सुरू झाले की आकड्यांचा उत्सव मांडला जातो. 2021-22 च्या अखिल भारतीय सर्वेक्षणाने 18 ते 23 वयोगटातील उच्च शिक्षणाचे प्रमाण 28.4 टक्के सांगितले. परंतु ही मोजदाद नाव घातलेल्यांची. पदवीपर्यंत टिकले किती, हे तीवरून कळत नाही.

हरिहरेश्वरच्या मुलास पदवीसाठी निदान श्रीवर्धन तरी गाठावे लागते. एस.टी. चुकली की तास बुडाले. पर्यटकांचा हंगाम आला की खानावळीत घरचेच हात हवेत. त्यात 3 जून 2020 च्या निसर्ग वादळाने येथील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. नवी पोफळ धरण्यास पाच-सात वर्षे लागतात. फीची तारीख तितकी थांबत नाही. अशा घरातील मुलाचे नाव हजेरीपटावरून गुपचूप गळते, आणि (मास्तरकी केलेल्यांस हे ठाऊक आहे) तांबड्या रेघेपलीकडे त्याची चौकशी होत नाही.

2020 च्या शैक्षणिक धोरणाने एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची मुभा दिली. मुभा वाईट नव्हे. श्रेयांक सात वर्षे जमा राहतात, परतीची वाटही आहे. मात्र नाइलाजाने सुटलेले शिक्षण ‘यश’ म्हणून खपविले जाईल, ही आमची भीती आहे.

मुंबई विद्यापीठाने प्रत्येक महाविद्यालयातील प्रथम वर्षास आलेले व पदवी घेऊन बाहेर पडलेले यांचे आकडे दरवर्षी तालुकावार प्रसिद्ध करावेत. एस.टी. महामंडळाने तासांच्या वेळा विचारून गाड्या सोडाव्यात. त्यासाठी नव्या धोरणाची वाट पाहण्याचे कारण नाही.