प्रेमनगरीच्या पायाचे दगड

पॅरिस म्हटले की आयफेल मनोरा, सीन नदीचा काठ आणि हातात हात घालून फिरणारी प्रेमी युगुले डोळ्यांसमोर उभी राहतात. ‘ॲन इव्हिनिंग इन पॅरिस’ या १९६७ च्या हिंदी चित्रपटाने हे चित्र आपल्याकडेही रुजविले. ते खोटे नाही. परंतु अपुरे आहे, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने अपुऱ्या चित्रावर समाधान मानू नये.

सीन नदीवरील ज्या कॉन्कॉर्द पुलावरून ही युगुले फिरतात, त्याच्या बांधकामात बॅस्टिलच्या तुरुंगाचे दगड आहेत. १४ जुलै १७८९ रोजी पॅरिसच्या जनतेने तो तुरुंग जिंकला. आयफेल मनोराही त्याच क्रांतीच्या शताब्दीनिमित्त १८८९ मध्ये भरलेल्या जागतिक प्रदर्शनासाठी उभारला गेला. शहरातील अनेक प्रशस्त रस्ते तिसऱ्या नेपोलियनच्या काळात, १८५३ पासून, ओसमान या प्रशासकाने आखले. त्यामुळे शहराला हवा, उजेड व भुयारी गटारे मिळाली, हे मान्य केले पाहिजे. पण त्यासाठी जुन्या वस्त्या पाडल्या गेल्या आणि श्रमिक शहराच्या कडेला लोटले गेले. १८७१ मध्ये श्रमिकांच्या बळावर पॅरिस कम्यून उभे राहिले, तेव्हा मे महिन्याच्या एका आठवड्यात सरकारी सैन्याने हजारोंची कत्तल केली. पेर लाशेझ दफनभूमीतील ज्या भिंतीपाशी कम्यूनच्या १४७ सैनिकांना गोळ्या घातल्या, ती भिंत प्रेमनगरीच्या चित्रांत सहसा दिसत नाही.

बाबासाहेबांनी फ्रान्सचा इतिहास डोळसपणे वाचला होता. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या सत्याग्रह परिषदेत त्यांनी १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेचा दाखला दिला. तरीही ते त्या क्रांतीने दिपून गेले नाहीत. ती समता निर्माण करू शकली नाही, असे त्यांनी लिहिले. १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात तर स्वातंत्र्य, समता व बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीपासून नव्हे, तर आपले गुरू भगवान बुद्ध यांच्या शिकवणुकीतून घेतली, हे त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले.

आपल्या या निवासी शाळेतील मुले-मुली उद्या पॅरिसलाही जातील. त्यांनी मनोऱ्यासमोर जरूर छायाचित्र काढावे. मग त्या भिंतीपाशीही जावे. हे शहर कोणाच्या श्रमांतून उभे राहिले आणि त्यातून कोणाला उठविले गेले, हे तेथे विचारावे. भगवंतांनी शिकविलेली मैत्री दोघांपुरती थांबत नाही. ज्यांना उठविले, ज्यांना मारले, त्यांचीही ती आठवण ठेवते.