ओळख आणि वशिला

शिंदखेड्याच्या स्थानकावर सुरतेच्या गाडीत चढणाऱ्या तरुणांत पदवीधरही असतात, आणि कित्येकांच्या घरातील ती पहिलीच पदवी असते. रिकाम्या जागेची वार्ता शहरातील सुस्थित घरच्या मुलाला मामा-काकांकडून जेवणाच्या पाटावर कळते. कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाला ती कळते तेव्हा जागा भरलेली असते. त्याच्याजवळ एकच पुंजी असते : आपल्याच महाविद्यालयातून पूर्वी बाहेर पडलेल्यांची दूरची ओळख. अशा अनोळखी माजी विद्यार्थ्यास आपण होऊन पत्र लिहावे काय, हा प्रश्न म्हणूनच निव्वळ शिष्टाचाराचा नाही. तो संधीच्या वाटपाचा आहे.

कायद्याने हे वाटप पुरेसे केलेले नाही. संविधानाच्या अनुच्छेद १६ मधील समान संधीची हमी सरकारी नोकरीपुरती आहे. १९५९ च्या कायद्याने २५ वा अधिक कामगारांच्या खाजगी आस्थापनांवर रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयास कळविण्याचे बंधन घातले. उमेदवार तेथूनच घेण्याचे मात्र घातले नाही. ओळखीचे राज्य अबाधित राहिले. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांना १९७३ च्या निबंधात असे आढळले की, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी सुमारे १७ टक्क्यांनाच नेहमी भेटणाऱ्याकडून वार्ता मिळाली होती. उरलेल्यांना ती अधूनमधून वा क्वचित भेटणाऱ्यांनी दिली. जवळच्यांना बहुधा आपल्याइतकेच ठाऊक असते, हे त्याचे कारण.

तेव्हा पत्र लिहिण्यात कमीपणा नाही. परंतु ‘मला नोकरी लावून द्या’ असे लिहिणारा वाचणाऱ्यास पेचात टाकतो : त्याने वशिला लावावा, नाहीतर मौन धरावे. आपले नाव, उत्तीर्ण झाल्याचे वर्ष व येत असलेले काम चार ओळींत सांगावे आणि माहितीच मागावी. भरती कशी होते? काम कायम की कंत्राटी? हाती पगार किती पडतो? उत्तर न आल्यास पंधरवड्याने एकदा स्मरण द्यावे, पुन्हा नाही. जात, गाव वा पुढाऱ्याचे नाव पुढे करू नये. काम झाले वा न झाले, तरी आभाराचे दोन शब्द कळवावेत.

माजी विद्यार्थ्याची जबाबदारी याहून मोठी आहे. एकास दिलेली माहिती त्याने सर्वांस द्यावी. कानात सांगितलेली जागा हा वशिला होय. फलकावर लावलेली जागा ही संधी होय. नाहीतर पदवीधरांचे हे वर्तुळ नव्या जातीसारखे मिटून जाईल, आणि महाविद्यालयाची पायरीच न चढलेला शेतमजुराचा मुलगा पुन्हा बाहेरच राहील.

कार्यकर्त्यांनी शिफारसपत्रे वाटण्याचा सोपा मार्ग सोडावा. पत्र कसे लिहावे हे तरुणांस शिकवावे, आणि आलेली प्रत्येक वार्ता तालुक्याच्या वाचनालयात, चावडीवर, बसस्थानकावर उघडी लावावी. सर्व जागा जाहीर करण्याची सक्ती मागण्याचा नैतिक अधिकार ते केल्यानेच येईल.